कलम २९५-अ (भारतीय दंड संहिता)

नागरिकांच्या कोणत्याही वर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा अपमान करणाऱ्यास शिक्षा सांगणारे फौजदारी कलम. नुसता अपमान मात्र पुरत नाही. तो जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने, भावना दुखावण्यासाठीच केलेला असावा लागतो. श्रद्धेचा मान आणि बोलण्याची मोकळीक यांचा सारा तोल याच अटींवर उभा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे.

कलमाचे मूळ लाहोरात सापडते. १९२४ मध्ये तेथे प्रेषित मुहंमदांच्या खासगी आयुष्यावर चिखलफेक करणारी ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका निघाली. प्रकाशक राजपाल यांच्यावर कलम १५३-अ खाली खटला झाला. ते कलम समाजासमाजांत वैर पसरवण्याविरुद्ध आहे, दिवंगत धर्मपुरुषावरील टीका त्यात बसत नाही, असे सांगून लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी १९२७ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. मोठा क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी मध्यवर्ती विधिमंडळाने हे कलम संमत केले. इतिहास लिहिणाऱ्यांना आणि प्रामाणिक टीकाकारांना याची झळ लागू नये, हा बॅ. जिनांचा चर्चेतील आग्रह आजही वाचण्याजोगा आहे. राजपाल यांचा १९२९ मध्ये खून झाला.

‘रामजीलाल मोदी’ खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, पण अजाणता किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात येत नाही, हेही बजावले. पाकिस्ताननेही हेच कलम वारशाने घेतले आणि १९८६ मध्ये २९५-क जोडून मृत्युदंडापर्यंत मजल मारली.

भारतातील खरी उणीव अंमलबजावणीत आहे. गुन्हा दखलपात्र आहे. न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी शासनाची मंजुरी लागते, गुन्हा नोंदवायला आणि अटक करायला लागत नाही. त्यामुळे हेतूची तपासणी व्हायच्या आत लेखक, चित्रकार किंवा विनोदकार पोलीस ठाण्यात पोचलेला असतो. हा अन्यायच आहे. खासदार इम्रान प्रतापगढी यांनी प्रसृत केलेल्या कवितेवरून जामनगरला नोंदलेला गुन्हा मार्च २०२५ मध्ये रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने यावर बोट ठेवले: तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा अभिव्यक्तिविषयक तक्रारींत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करावी. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तिला चौदा दिवसांची मुदत आहे.