घरबसल्या अरण्य

तळेगाव ढमढेऱ्यात घरी बसून ताडोबाचे तळे आता पडद्यावर पाहता येते. त्यात आम्हांस काही वावगे दिसत नाही; वाट विचारून निघणारा वाटसरू शहाणाच म्हणायचा. चंद्रपूरच्या या रानात १९३५ साली शिकार बंद झाली आणि १९५५ साली सुमारे ११६ चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान झाले. शिकारी गेले, छायाचित्रे घेणारे आले. त्यांची हावही काही थोडी नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी बछड्यांसह निघालेल्या वाघिणीची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पडद्यावरचा वाघ हवा तेव्हा दिसतो, रानातला दिसेलच असे नाही, हे ज्याने घरीच मनाशी धरले तो गाडीवाल्याच्या मागे लकडा लावणार नाही. पावसाळ्यात ताडोबाचा गाभा बंद असतो, तेही निघण्यापूर्वी पाहावे. आणि इतके दूर तरी कशाला? बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत. अशा माळावर चंडोल जमिनीवरच घरटे करतो. वाट सोडून गाडी गवतात घातली, की चाकाखाली काय गेले ते आत बसलेल्याला कळतही नाही.