गोल्फ

गोल्फ : छोटा, कठीण चेंडू काठीने टोलवत कमीत कमी फटक्यांत ठरलेल्या होलमध्ये, म्हणजे जमिनीतील खळग्यात, घालण्याचा मैदानी खेळ. त्याचे आजचे रूप स्कॉटलंडमध्ये घडले. धनुर्विद्येचा सराव मागे पडतो म्हणून तिथल्या संसदेने 1457 मध्ये या खेळावर बंदी घातली होती. भारतात तो इंग्रजी अमलात आला. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 चा आहे.

पूर्ण मैदानावर 18 होल असतात. पहिला फटका टी या सुरुवातीच्या जागेवरून मारायचा, मग आखूड गवताच्या फेअरवेवरून पुढे सरकत होलभोवतालची गुळगुळीत हिरवळ म्हणजे ग्रीन गाठायचे. वाटेत उंच गवत, वाळूचे बंकर, पाणी. होलचा व्यास 108 मिमी. असतो. जवळ जास्तीत जास्त 14 काठ्या बाळगता येतात. कसलेल्या खेळाडूला होलमागे लागावेत तेवढे फटके म्हणजे पार, बहुधा 3, 4 किंवा 5. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी.

नवशिके लांब फटक्याच्या मागे लागतात. खरे तर पार ठरवताना दर होलला ग्रीनवरचे दोन फटके धरलेले असतात. म्हणजे 72 पारच्या मैदानावर 36, निम्मे फटके हळुवार ढकलण्याचे. म्हणून शिकण्याची सुरुवात पटरनेच, म्हणजे चेंडू हळुवार ढकलण्याच्या काठीनेच, करावी.

या खेळाचे मोठेपण हँडिकॅपमध्ये आहे. प्रत्येकाला कुवतीनुसार फटक्यांची सूट मिळते, नवशिक्याला 54 पर्यंत; त्यामुळे मुरलेला आणि कच्चा खेळाडू बरोबरीने झुंजू शकतात. बहुतेक वेळा सोबत पंच नसतो. आपले फटके प्रत्येकाने प्रामाणिकपणे मोजायचे असतात.

हिरवळीला पाणी फार लागते. कोरड्या मुलखातील काही मैदानांवर ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ करत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात कधी मैदान आखले, तर हाच मार्ग रास्त ठरेल.

सोलापूरहून सुमारे 250 किमी.वर, पुण्यात येरवड्याला 18 होलचे मैदान आहे. 2015 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आलेला अनिर्बान लाहिरी पुण्यात जन्मला. पुण्याचा उदयन माने टोकिओ ऑलिंपिकमध्ये खेळला. त्याच ऑलिंपिकमध्ये बंगळूरच्या अदिती अशोकचे पदक थोडक्यात हुकले, ती चौथी आली.

सरावासाठी मैदानाची वाट पाहू नये. सपाट फरशी, एक पटर, एक चेंडू आणि आडवा ठेवलेला पेला एवढ्यावर घरीच सुरुवात करता येते.