गळा, चेहरा आणि वस्त्र : ‘बालगंधर्व’ चित्रपटाचे राष्ट्रीय पुरस्कार

२०११ या वर्षातील चित्रपटांसाठीचे एकोणसाठावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मार्च २०१२ मध्ये जाहीर झाले. रवी जाधव दिग्दर्शित व नितीन चंद्रकांत देसाई निर्मित ‘बालगंधर्व’ या मराठी चरित्रपटाला त्यांत तीन पुरस्कार होते. सर्वोत्कृष्ट पुरुष पार्श्वगायक म्हणून आनंद भाटे, वेशभूषेसाठी नीता लुल्ला आणि रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांची निवड झाली होती. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांची भूमिका करणारे सुबोध भावे या यादीत नव्हते. त्या वर्षीचा अभिनेत्याचा पुरस्कारही मराठीकडेच आला, पण तो ‘देऊळ’ या चित्रपटासाठी गिरीश कुलकर्णी यांना. परीक्षकांनी कोणावर अन्याय केला असा निष्कर्ष यातून काढण्याचे कारण नाही. विचारणीय आहे ती यादीची रचना. ज्या कलावंताचे संपूर्ण कर्तृत्व गाणे, रूप आणि वेष यांच्या अभेदावर उभे होते, त्याच्या चरित्रपटाचा गौरव करताना हे घटक तीन स्वतंत्र व्यक्तींच्या नावे नोंदवले गेले, आणि त्यांना एकत्र धारण करणाऱ्या नटाच्या कामासाठी यादीत जागा उरली नाही.

पुरस्कारांची यादी ही सामान्यतः गुणवत्तेची पावती म्हणून वाचली जाते. तौलनिक अभ्यासकाला ती वेगळ्या तऱ्हेने वाचता येते. एखादी संस्था प्रयोगरूप कलेची विभागणी कशी करते, कोणत्या श्रमाला नाव देते आणि कोणत्या श्रमाला दुसऱ्याच्या नावाखाली झाकते, याचा तो एक दस्तऐवज असतो. संगीतप्रधान चरित्रपट या प्रकारात ही विभागणी विशेष उघडी पडते. कारण तेथे एका ऐतिहासिक व्यक्तीचा सर्वपरिचित आवाज दुसऱ्या व्यक्तीच्या देहात बसवायचा असतो.

भारतीय चित्रपटात हा प्रश्न फार आधी सुटल्यासारखा झाला, तो पार्श्वगायनाच्या रूढीमुळे. पडद्यावरचा नट एक आणि गळा दुसऱ्याचा, हा संकेत प्रेक्षकाने निःशंकपणे स्वीकारला. संकेत रूढ झाला तरी त्याला पुरस्काराचे नाव मिळायला मात्र वेळ लागला. फिल्मफेअरच्या आरंभीच्या वर्षांत संगीतकारासाठी पुरस्कार होता, गायकासाठी नव्हता. १९५९ च्या सोहळ्यापासून तो आला आणि काही वर्षे स्त्री व पुरुष यांना मिळून एकच होता. राष्ट्रीय पुरस्कारांत पुरुष पार्श्वगायकाचा विभाग १९६७ च्या चित्रपटांपासून आणि स्त्री पार्श्वगायिकेचा त्यापुढील वर्षापासून सुरू झाला. रंगभूषेचा विभाग तर २००६ च्या चित्रपटांपासूनचा. म्हणजे हाच चित्रपट दहा वर्षे आधी निघता, तर त्याच्या तीन पुरस्कारांपैकी एक अस्तित्वातच नसता.

अमेरिकेतील अकादमी पुरस्कारांत गायकाचा विभाग आजही नाही. ‘मूळ गीता’चा पुरस्कार गीतकार आणि संगीतकार यांना मिळतो, गाणाऱ्याला नाही. चरित्रपटातील गाणी बहुधा आधीच लोकप्रिय असल्यामुळे तीही वाट बंद असते. याचा परिणाम ‘द जोल्सन स्टोरी’ (१९४६) या चित्रपटात स्पष्ट दिसतो. गायक अल जोल्सन यांची भूमिका लॅरी पार्क्स यांनी केली. गाणी स्वतः जोल्सन यांनी या चित्रपटासाठी नव्याने गायिली. भारतीय परिभाषेत सांगायचे तर नायकाने आपल्याच चरित्रपटासाठी पार्श्वगायन केले. चित्रपटाला सहा नामांकने मिळाली. पार्क्स यांचे नाव अभिनेत्यांच्या नामांकनांत आले. प्रत्यक्ष पुरस्कार मिळाले ते ध्वनिमुद्रणाला आणि संगीतिकेच्या संगीतयोजनेला. जोल्सन यांच्या गळ्याचा गौरव झाला खरा, पण तो ध्वनिविभागाच्या नावे.

हा साचा पुढेही टिकला. ‘रे’ (२००४) मध्ये जेमी फॉक्स यांनी पियानो स्वतः वाजवला, गाण्याला मात्र बहुतांशी रे चार्ल्स यांच्याच ध्वनिमुद्रणांवर ओठ हलवले. चित्रपटाला सहा नामांकनांतून दोन पुरस्कार मिळाले : अभिनेता आणि ध्वनिमिश्रण. एदित पियाफ यांच्यावरील फ्रेंच चित्रपट ‘ला मोम’ (२००७) याचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यात पियाफ यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांबरोबर झिल एग्रो या गायिकेचा आवाज वापरला आहे. मारिओं कोतियार यांना अभिनेत्रीचा अकादमी पुरस्कार मिळाला, रंगभूषेलाही मिळाला. फ्रान्सच्या सेझार पुरस्कारांत अभिनेत्री आणि ध्वनी या दोन्ही विभागांत चित्रपट विजयी ठरला. एग्रो यांचे नाव यांपैकी कोणत्याच यादीत येऊ शकत नव्हते. उलट ‘कोल मायनर्स डॉटर’ (१९८०) मध्ये सिसी स्पेसेक यांनी लोरेटा लिन यांची गाणी स्वतःच्या आवाजात म्हटली आणि सात नामांकनांतून एकच पुरस्कार आला, तो त्यांच्या अभिनयाला. पाश्चात्त्य व्यवस्थेत अशा रीतीने आवाज एक तर नटात विलीन होतो किंवा तंत्रात.

राष्ट्रीय पुरस्कारांच्या इतिहासात मात्र गायकाच्या विभागाचे आणि चरित्रपटाचे नाते जुने आहे. जी. व्ही. अय्यर यांच्या ‘हंसगीते’ (१९७५) या कन्नड चित्रपटासाठी, त. रा. सुब्बराव यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या संगीतकाराच्या कथेसाठी, एम. बालमुरलीकृष्ण यांना हा पुरस्कार मिळाला; पडद्यावर भूमिका अनंत नाग यांची होती. मल्याळम ‘श्रीनारायणगुरू’साठी १९८० च्या दशकात पी. जयचंद्रन यांना तो मिळाला. त्याच दशकात ‘अनकही’साठी तो पंडित भीमसेन जोशी यांनाही लाभला. ‘अनकही’ हा चरित्रपट नव्हे. पण आनंद भाटे हे जोशी यांचे शिष्य, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. भाटे यांना बालवयापासून ‘आनंद गंधर्व’ म्हणून ओळखले जात होते. म्हणजे बालगंधर्वांची गायकी पेलण्याचे त्यांचे कौशल्य चित्रपटाने घडवले नव्हते. ते रसिकांना आधीच ठाऊक होते.

बालगंधर्वांच्या तबकड्या उपलब्ध असताना चित्रकर्त्यांनी गाणी नव्याने गाऊन घेतली, हा निर्णय महत्त्वाचा आहे. जुनी मुद्रणे वापरली असती तर ‘रे’प्रमाणे आवाजाचे प्रामाण्य लाभले असते, आणि राष्ट्रीय पुरस्काराचा हा विभाग रिकामा राहिला असता. दुसरी गुंतागुंत संगीतकाराची. संगीत कौशल इनामदार यांचे असले, तरी ‘मानापमान’मधील चाली गोविंदराव टेंबे यांच्या आणि ‘स्वयंवर’मधील भास्करबुवा बखले यांच्या आहेत. वारशाने आलेल्या चालींची चित्रपटासाठी नवी मांडणी करणे या कामाला अकादमी पुरस्कारांत एके काळी स्वतंत्र विभाग होता. ‘द बडी हॉली स्टोरी’ (१९७८) ला त्याच विभागात पुरस्कार मिळाला. आपल्याकडे या श्रमाला नाव नाही.

‘पुरुष पार्श्वगायक’ या शब्दांतील पहिल्या शब्दाकडेही पाहावे. भाटे यांनी गायिलेली नाट्यपदे कथेत भामिनीची आहेत, रुक्मिणीची आहेत. म्हणजे स्त्रीपात्रांची आहेत. संगीत रंगभूमीच्या संकेतात ती पुरुषाच्या कंठातून येत आणि प्रेक्षक ती स्त्रीची म्हणून ऐकत. पुरस्काराची वर्गवारी गाणाऱ्याचे लिंग पाहते, गाण्यातील ‘मी’चे नाही. या टोकाला आणखी एक तुलना शक्य होते. त्याच वर्षी ‘द डर्टी पिक्चर’ या हिंदी चित्रपटालाही तीनच पुरस्कार मिळाले. वेशभूषेचा पुरस्कार नीता लुल्ला आणि त्या चित्रपटाच्या निहारिका खान यांच्यात विभागला गेला. रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांची निवड दोन्ही चित्रपटांमिळून झाली. दक्षिणेतील एका नटीच्या जीवनावरून सुचलेला तो चित्रपट आणि स्त्रीवेषातील नटसम्राटाचा हा चित्रपट, दोहोंतही घडवलेले स्त्रीरूप हाच विषय. तिसरा पुरस्कार मात्र तेथे विद्या बालन यांच्या अभिनयाला गेला आणि येथे पडद्यामागच्या गळ्याला.

वेशभूषेचा पुरस्कार इतिहासाशी प्रामाणिक आहे हे मान्य करावे लागेल. बालगंधर्वांची लुगडी, त्यांचे दागिने, केशरचना यांचे अनुकरण तत्कालीन उच्चभ्रू स्त्रिया करीत, ही आठवण मराठी नाट्येतिहासात वारंवार येते. पण त्या वस्त्राला अर्थ येई तो आतल्या गाणाऱ्या नटामुळे. हे स्वतः बालगंधर्वांच्या चित्रपटप्रवेशात दिसून आले. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त व्ही. शांताराम यांनी त्यांना संत एकनाथांची भूमिका दिली. गळा त्यांचाच होता, स्त्रीवेष मात्र गेला होता, आणि वय सत्तेचाळीस. अपेक्षित यश आले नाही. ते रंगभूमीकडे परतले. पुढच्याच वर्षी त्याच संस्थेच्या, दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस यांनी तुकारामांची भूमिका केली. पागनीसही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले, भजने गाणारे नट. पडद्यावर ते आपल्याच आवाजात गायिले आणि या चित्रपटाचा १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरव झाला. तेथे गायक व नट असे दोन विभाग नव्हते. गौरव अखंड कृतीचा झाला. पागनीसांच्या नावावर वेगळे काही नोंदले गेले नाही, हीही त्या अखंडतेची किंमतच.

‘बालगंधर्व’ चित्रपटातील सुबोध भावे यांचे काम या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. भाटे यांचा श्वास आपल्या छातीत दाखवणे, लुल्ला यांचे लुगडे आपल्या चालीत मुरवणे, गायकवाड यांनी दिलेल्या चेहऱ्याला वार्धक्यापर्यंत नेणे, हे जोडण्याचे काम आहे. आणि ते जितके साधेल तितके अदृश्य होते. स्वतः बालगंधर्वांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५५ मध्ये मिळाला. ज्यांच्या गाण्याने एक पिढी वेडी झाली, त्या या गायकाची नोंद अकादमीने ‘अभिनय’ या विभागात केली आहे.