द्रवांच्या सीमारेषेचा इतिहास : तेलघाण्यापासून परभणीच्या पेट्रोल पंपापर्यंत

प्रस्तावना :

तेल व पाणी एकत्र नांदत नाहीत, हे मराठी माणसाला विज्ञान शिकण्यापूर्वीच ठाऊक असते. काचेच्या पेल्यात खाली पाणी व वर तेल घालून वात लावण्याची रीत अनेक घरांत आहे. त्या पेल्यात दिसणारी रेषा हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. एक द्रव कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो, हे ओळखणे आणि त्यानुसार झडप उघडणे वा बंद करणे, या साध्या वाटणाऱ्या कामावर तेल उद्योगाचा फार मोठा भाग उभा आहे. परभणी जिल्ह्यात खनिज तेलाची विहीर नाही की शुद्धीकरण कारखाना नाही. तथापि हा जिल्हा तेलाच्या प्रवासाच्या अखेरच्या टोकावर आहे, आणि इतिहासाचे काही प्रश्न टोकावरूनच नीट दिसतात. रेषा वाचणारी यंत्रे कोणासाठी आधी आली व कोणापर्यंत उशिरा पोहोचली, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

घाणा, गाळ आणि नजर :

करडई हे परभणीच्या रब्बीचे जुने पीक. येथील कृषी विद्यापीठाने विकसित केलेला करडईचा एक वाण ‘परभणी कुसुम’ या नावानेच ओळखला जातो. लाकडी घाण्यावर काढलेले तेल लगेच विकले जात नसे. ते भांड्यात निवळू दिले जाई, गाळ तळाशी बसे आणि वरचे तेल हलक्या हाताने ओतून घेतले जाई. हात केव्हा थांबवायचा, हे ओतणाऱ्याची नजर ठरवी.

सरकीचे तेल शुद्ध करण्याची आधुनिक पद्धत आल्यावरही हे तत्त्व बदलले नाही. कच्च्या तेलातील आम्ल काढण्यासाठी त्यात कॉस्टिक सोडा मिसळतात व त्यातून साबणासारखा जड गाळ तळाशी जमतो. खालची झडप उघडून तो सोडताना कामगार काचेच्या झरोक्यातून पाहत राहतो. काळपट गाळ संपून तेलाची धार दिसली की झडप बंद. क्षणभर उशीर झाला तर तेल वाया जाते. घाई झाली तर गाळ तेलात राहतो. घाण्यावरील तेली आणि झरोक्यासमोरील कामगार यांचे कौशल्य एकाच जातीचे होते. त्याची नोंद मात्र कोणत्याही वहीत झाली नाही, ही आपल्या उद्योगांच्या इतिहासलेखनातील उणीव म्हटली पाहिजे.

समुद्रातील तेल व त्यातील पाणी :

तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९५४ साली स्टॅनव्हॅक व १९५५ साली बर्मा-शेल या परदेशी कंपन्यांचे कारखाने सुरू झाले. पुढे सत्तरच्या दशकात दोन्ही राष्ट्रीयीकृत झाले. याच दशकात, १९७४ च्या फेब्रुवारीत, ‘सागर सम्राट’ या वेधनयानाला मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागले आणि २१ मे १९७६ रोजी ‘बॉम्बे हाय’मधून उत्पादन सुरू झाले.

जमिनीखालून येणारे तेल एकटे येत नाही. त्याच्यासोबत वायू व खारे पाणीही येते. आडव्या पोलादी टाकीत या मिश्रणाला काही वेळ मिळाला की वायू वर, तेल मध्ये व पाणी तळाशी असे तीन थर होतात. तेथे काचेसमोर माणूस बसवून भागत नाही, कारण प्रवाह रात्रंदिवस चालू असतो व चुकीची शिक्षा मोठी असते. म्हणून टाकीत एक जड दंडगोल टांगला जाई. पाण्यात तो अधिक उचलला जातो, तेलात कमी. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्याच्या वजनातील फरकावरून सीमारेषेची उंची कळे. हा संदेश विजेने न पाठवता नळीतील हवेच्या दाबाने, दर चौरस इंचास ३ ते १५ पौंड या मर्यादेत, झडपेपर्यंत पोहोचविला जाई. ज्वलनशील वायूच्या सान्निध्यात ठिणगी नको, हे त्यामागील कारण होय.

पुढे विद्युत गुणधर्मावर चालणारे मापक आले. तेलाचा विद्युत्-अपार्यता स्थिरांक सुमारे २ व पाण्याचा सुमारे ८० असल्याने दोहोंतील भेद उपकरणास सहज कळतो. अडचण वेगळीच होती. तेल व पाणी यांच्यामध्ये पुष्कळदा स्वच्छ रेषा नसतेच. सूक्ष्म थेंब, मेण व मातीचे कण यांचा दुधासारखा थर तेथे साचतो. अशा वेळी दंडगोल फसतो. काही ठिकाणी टाकीच्या भिंतीआरपार गॅमा किरण सोडून घनता मोजण्याचा मार्ग स्वीकारावा लागला. शुद्धीकरण कारखान्यात तेलातील मीठ धुऊन काढताना तर प्रश्न अधिक नाजूक होतो. तेथे थेंब एकत्र आणण्यासाठी हजारो व्होल्टचे विद्युत क्षेत्र वापरतात. पाणी विद्युत जाळीपर्यंत चढले तर यंत्रणा बंद पडते आणि फार खाली गेले तर सांडपाण्याबरोबर तेल वाहून जाते.

मनमाडचा नळमार्ग :

निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने परभणी मनमाडशी जोडली गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंधनाच्या दृष्टीने हे नाते अधिक घट्ट झाले. मुंबईपासून मनमाडजवळील पानेवाडीपर्यंत सुमारे २५० किलोमीटरचा नळमार्ग सुरू झाला. तेथील साठ्यातून टँकर मराठवाड्याकडे निघतात.

एकाच नळातून पेट्रोल, रॉकेल व डिझेल एकामागून एक वाहते, मध्ये कोणताही पडदा नसतो. पेट्रोलची घनता साधारण ०.७४, रॉकेलची ०.८० व डिझेलची ०.८३ असते. पेट्रोल व डिझेल यांची थेट गाठ टाळण्यासाठी मध्ये रॉकेल सोडण्याची पद्धत आहे. प्रवाह वेगवान असेपर्यंत मिश्रणाचा पट्टा आखूड राहतो. सह्याद्रीच्या चढउतारात पंप थांबले तर जड द्रव हलक्यावर येऊन तो लांबत जातो. साठाकेंद्राजवळ कंप पावणारी नळी असलेला घनतामापक हा पट्टा येताच ओळखतो व झडपा फिरवून तो वेगळ्या टाकीत घेतला जातो. येथपर्यंत यंत्राचे राज्य चोख आहे. कंपनीचा माल कंपनीच्या हातून बिघडू नये, ही त्यामागील प्रेरणा आहे.

फाटकाबाहेर मात्र ही दक्षता संपत असे. स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा याच परिसरात फोफावला. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी पानेवाडीजवळ असा प्रकार चालू असताना हस्तक्षेप केला व त्यांना जिवंत जाळण्यात आले. दोन द्रवांची सरमिसळ ओळखणारे यंत्र नळात होते. रस्त्यावर ते काम एका निःशस्त्र अधिकाऱ्याला करावे लागले. भेसळ ओळखण्यासाठी २००६ साली रॉकेलमध्ये रासायनिक चिन्हक घालण्याची योजना सुरू झाली होती. तीही २००९ च्या आरंभी थांबली होती.

घनतेच्या चाचणीलाही मर्यादा आहेत. पंपावर पावतीतील व प्रत्यक्ष घनतेत ०.००३ इतका फरक चालतो. ०.८३ घनतेच्या डिझेलमध्ये दहा टक्के रॉकेल मिसळले तर घनता ०.८२७ होते, म्हणजे फरक नेमका तेवढाच. हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. भेसळ करणाऱ्याने तो केव्हाच केलेला असतो.

परभणीतील टाकी :

पंपाच्या भूमिगत टाकीत पावसाळ्यात पाणी शिरण्याचा धोका असतो. पूर्वी सकाळी मापपट्टीच्या टोकाला विशिष्ट लेप लावून ती टाकीत बुडवीत. लेपाचा रंग जेथपर्यंत बदले तेथपर्यंत पाणी. गेल्या दोन दशकांत अनेक पंपांवर स्वयंचलित मापक आले. त्याच्या दांड्यावर दोन तरंगक असतात. एक पेट्रोलच्या पृष्ठावर तरंगतो, तर दुसरा पेट्रोलपेक्षा जड व पाण्यापेक्षा हलका असल्याने नेमका सीमारेषेवर थांबतो.

इथेनॉलमुळे हे गणित पुन्हा बदलले. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के, २०२२ मध्ये १० टक्के व २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणापर्यंत देश पोहोचला. इथेनॉल पाण्याला धरून ठेवते. मर्यादा ओलांडली की ते पेट्रोल सोडून पाण्यासह तळाशी बसते. हा तळथर शुद्ध पाण्याहून हलका असतो. त्यामुळे जुना तरंगक त्यात बुडूनच राहू शकतो आणि पडद्यावर पाणी शून्य दिसते.

काही वर्षांपूर्वी श्रावणात जिंतूर रस्त्यावर प्रस्तुत लेखकाची दुचाकी बंद पडली. मिस्त्रीने टाकीतील पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढले, बाटली दगडावर ठेवली आणि तो बिडी ओढत बसला. पाच मिनिटांनी तळापासून बोटभर उंचीवर रेषा उमटली. घाण्यावरच्या तेल्यानेही याहून वेगळे काही केले नसते.

ग्राहकाला पंपावर घनतामापक, गाळण कागद व पाच लिटरचे माप मागण्याचा अधिकार आहे. इथेनॉलयुक्त इंधनाचा तळथर ओळखणारे तरंगक आता उपलब्ध आहेत. आपल्या पंपाच्या टाकीत त्यांपैकी कोणता बसविला आहे, हे मात्र बाहेरच्या दरफलकावर लिहिलेले नसते.