डोंबाऱ्याचे खेळ करणारा पाद्री

गावाच्या चावडीपुढे डोंबारी येतो, ढोलके वाजते, दोर ताणला जातो आणि पोरेच काय, म्हातारीकोतारीही हातचे काम टाकून धावतात. हे दृश्य तुमच्या ओळखीचे आहे. आता अशी कल्पना करा, की दोरावर चालणारा तो गडी ऐन रंगात आलेला खेळ थांबवून खाली उतरतो आणि म्हणतो, ‘चला, आता सगळ्यांनी मिळून प्रार्थना करू या. जो करणार नाही त्याने उठून जावे. त्याला पुढचा खेळ बघायला मिळणार नाही.’ शिवाय हा गडी म्हणजे जेमतेम दहाबारा वर्षांचे एक शेतकऱ्याचे पोर आहे!

हे खरोखर घडत होते. इटलीच्या उत्तरेस पिएमॉन्त प्रांतात बेक्की नावाची चार घरांची वाडी आहे. तेथे १६ ऑगस्ट १८१५ रोजी जोव्हान्नी बॉस्को याचा जन्म झाला. तो दोन वर्षांचा होण्याच्या आतच बाप न्यूमोनियाने गेला. आई मार्गेरिता निरक्षर, पण मोठी खंबीर बाई. पोर बाजारात आणि जत्रेत जाई, जादूगाराच्या हातांकडे टक लावून बघे आणि घरी येऊन पडत-धडपडत तेच करी. कुरणातल्या एका नासपतीच्या झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत त्याने दोर बांधला होता. रविवारी शेजारीपाजारी जमत. आधी जपमाळ, मग सकाळी देवळात ऐकलेले प्रवचन जसेच्या तसे, आणि मग कोलांट्या, हातांवर चालणे, दोरावरची कसरत. आपल्याकडे कीर्तनकार मध्येच नकला करून श्रोत्यांना जागे ठेवतो ना, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे तिकीट प्रार्थनेचे होते. युक्ती भाबडी खरी. पण खेळ हे आमिष आणि धर्म हा माल, असा हिशेब त्यात होता, हेही मान्य केले पाहिजे. पुढे हा हिशेब कसा बदलला, तीच या माणसाची खरी हकीकत आहे.

त्या काळच्या त्या मुलखातले धर्मगुरू गंभीर असत. पापाची धास्ती घालणारी कडक शिकवण तेथे मुरलेली होती, आणि मुलांशी हसूनखेळून बोलणे हे धर्मगुरूच्या इभ्रतीला शोभत नाही, अशी समजूत होती. लहानगा जोव्हान्नी वाटेत पाद्रीबाबांना नमस्कार करी. ते मान हलवून पुढे चालू लागत. याचे त्याला फार वाईट वाटे. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींतही तो सल गेलेला नाही.

शिक्षणासाठी तो किएरी या गावी गेला. पैसा नव्हता, म्हणून कधी शिंपीकाम, कधी हॉटेलात पडेल ते काम करून तो शिकला. तेथे १८३२ च्या सुमारास त्याने सोबत्यांचे एक मंडळ काढले. नाव ठेवले ‘आनंद मंडळ’. नियम काय? ख्रिस्ती माणसाला न शोभेल असे बोलायचे वा वागायचे नाही, आणि अभ्यासाचे व धर्माचे कर्तव्य चुकवायचे नाही. एवढेच! बाकी हसणे-खेळणे मोकळे. याच गावात एक कसरतपटू नेमका रविवारी उपासनेच्या वेळी खेळ मांडून पोरे पळवी. जोव्हान्नीने त्याच्याशी पैजा लावल्या. धावणे, ओढ्यावरून उडी, बोटांवर काठी नाचवणे, आणि शेवटी झाडाच्या शेंड्यापर्यंत चढणे. चारही जिंकल्या. तो बिचारा कफल्लक झाला. तेव्हा मुलांनी काय करावे? ‘आम्हा सर्वांना एक जेवण दे आणि तुझे पैसे परत घे,’ म्हणाले. हरलेल्याला वाटेला लावायचेही पैसे राहू नयेत, असला खेळ त्यांना नको होता.

१८३५ मध्ये मात्र धर्मगुरूचा झगा अंगावर चढला, तेव्हा त्याने सात निश्चय लिहून काढले. जत्रा-तमाशे बघणार नाही, जादू आणि कसरती करणार नाही. म्हणजे पाहा, गांभीर्याच्या त्या समजुतीने त्यालाही गाठलेच होते.

५ जून १८४१ रोजी त्यांना दीक्षा मिळाली आणि ते ‘डॉन बॉस्को’ झाले. (डॉन या शब्दाने दचकू नका, सिनेमातला नव्हे हा! इटलीत पाद्र्याला मानाने डॉन म्हणतात.) ते तूरिन शहरात आले. शहर वाढत होते आणि डोंगरातल्या खेड्यांतून पोरे पोटासाठी तेथे येत होती: गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारी, धुराडी साफ करणारी. वाली कोणी नाही. डॉन बॉस्को तुरुंगात जात, तेव्हा त्यांना बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले तेथे उवा-पिसवांत सडताना दिसत. काही सुटत आणि काही दिवसांत पुन्हा आत येत. कारण बाहेर त्यांची वाट बघणारे कोणीच नव्हते. तो जुना निश्चय येथे गळून पडला. रविवारी मुले गोळा करायची, उपासना, थोडे लिहिणे-वाचणे, आणि मग दिवसभर दंगा.

हा दंगा कोणाला सोसवेना. एका जागेवरून हाकलले, दुसऱ्या जागेवरून हाकलले. शेवटी भाड्याने घेतलेल्या कुरणाचे मालक म्हणाले, तुमच्या पोरांनी गवत मुळापर्यंत तुडवले, आता येथे काही उगवायचे नाही. शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नव्हते! शहराचे पोलिस अधिकारी इतकी पोरे एकत्र पाहून बंडाचा वास घेऊ लागले. सोबतच्या पाद्र्यांना तर वाटले, याचे डोके फिरले. दोघे जण बंद घोडागाडी घेऊन त्यांना वेड्यांच्या इस्पितळात न्यायला आले. ‘आधी आपण बसा,’ डॉन बॉस्को अदबीने म्हणाले. दोघे आत बसताच त्यांनी बाहेरून दार लावले आणि गाडीवानाला सांगितले, ‘चल इस्पितळात!’ हा प्रसंग त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत दिला आहे.

१२ एप्रिल १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात एक बुटकी शेड मिळाली. त्याच वर्षी आई मार्गेरिता गाव सोडून मुलांचे रांधायला-शिवायला आली. तिने हौसेने भाजीचा वाफा केला होता. एका सुट्टीत मुलांनी लाकडी बंदुका घेऊन लुटुपुटूची लढाई मांडली आणि हरलेले सैन्य वाफ्यातूनच पळाले. वाफ्यात पान शिल्लक राहिले नाही. माऊली एकदा इतकी कंटाळली, की म्हणाली, मी आपली गावी जाते. मुलाने भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखवले. ती राहिली, ती १८५६ मध्ये मरेपर्यंत.

शिक्षकांनी येथे थोडे थांबावे. आमिषाचा हिशेब संपला तो येथे. खेळताना मुलगा आपण होऊन उघडा पडतो. कोण दांडगा, कोण भित्रा, कोण एकटा कोपऱ्यात उभा, हे वर्गात कळत नाही, मैदानात कळते. म्हणून डॉन बॉस्को झगा सावरून मुलांबरोबर धावत, आणि धावता धावता एखाद्याच्या कानात हळूच एक शब्द सांगत. १८७७ मध्ये त्यांनी आपली पद्धत एका छोट्या पुस्तिकेत मांडली. छडीवर तिचा विश्वास नाही. मुलांना मनमुराद उड्या मारू द्या, ओरडू द्या; गाणे, नाटक, सहली द्या, असे तिच्यात सांगितले आहे. याच जोडीला उमेदवारीवर लागणाऱ्या मुलांसाठी मालकांशी लेखी करार करण्याचेही काम त्यांनी १८५० नंतरच्या काही वर्षांत केले, हे विसरून चालणार नाही. नुसत्या खेळाने पोट भरत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवायला नको होते.

त्यांनी स्थापलेला सालेशियन संघ १९०६ साली भारतात तंजावरला आला, आणि मुंबईत माटुंग्याला त्यांच्या नावाची शाळा आहे.

डॉन बॉस्को ३१ जानेवारी १८८८ रोजी वारले. त्याआधी चार वर्षे, १० मे १८८४ रोजी, त्यांनी रोमहून आपल्या माणसांना एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी एक स्वप्न सांगितले आहे. पहिल्यांदा दिसते ते जुने अंगण: कोणी पळते आहे, कोणी गाते आहे, आणि पाद्री मुलांच्या घोळक्यात सापडत नाहीत इतके मिसळलेले. मग नवे अंगण दिसते. इमारत मोठी, मुले पुष्कळ. पण कित्येक खांबांना टेकून कंटाळलेली उभी आहेत, आणि शिक्षक आपापसांत बोलत फेऱ्या घालीत आहेत.