ताटलीतली पिवळसर झाक

४ ऑक्टोबर २००१ची संध्याकाळ. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफच्या छोट्याशा विमानतळावर तुम्ही जनुकशास्त्रज्ञ पॉल काइम यांच्या शेजारी उभे आहात. विमान उतरतं आणि एक खोका त्यांच्या हातात येतो. तिकडे फ्लोरिडात एका वृत्तपत्राचा छायाचित्र संपादक अखेरच्या घटका मोजतोय, आणि त्याच्या शरीरातले जंतू या खोक्यात आहेत. काळपुळीचे. आपल्या गुरांना होते तीच काळपुळी.

काइम यांच्या प्रयोगशाळेत रात्रभर कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. या जंतूच्या डीएनएत काही तुकडे पुन्हापुन्हा येतात. किती वेळा येतात, ते वाणागणिक बदलतं. तेच मोजणं चाललंय. सकाळी उत्तर मिळतं : ‘एम्स’. १९८१ साली टेक्सासात मेलेल्या एका गाईपासून मिळालेला वाण. आयोवातल्या एम्स गावाचं नाव त्याला चुकून चिकटलं. तुमच्या पोटात गोळा येतो, कारण हा वाण प्रयोगशाळांनी जपलेला आहे.

पण कोणत्या प्रयोगशाळेतून आला? सगळीकडचा एम्स जवळजवळ सारखाच. सुमारे ५२ लाख अक्षरं वाचूनही फरक हाती लागत नाही.

आता मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिकच्या लष्करी संशोधन संस्थेत या. हे जंतू कुणीतरी पत्रांत घालून टपालाने पाठवले होते; त्या पत्रांतली बीजाणूंची पूड रक्त घातलेल्या आगरवर वाढवली आहे. खाली वाका, नीट बघा. करड्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या गर्दीत दोन-चार ठिपके वेगळे आहेत, किंचित पिवळसर. एका तंत्रज्ञ बाईंच्या नजरेने ते टिपले. मला या साऱ्या तपासातला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. दुसऱ्या कुणी ते ठिपके किरकोळ समजून ताटली टाकून दिली असती. या ठिपक्यांमधली चार उत्परिवर्तनं शोधायची आणि प्रयोगशाळांतून गोळा केलेल्या एम्सच्या हजारावर नमुन्यांत तीच ताडून पाहायची, याला वर्षं लागली. चारही सापडली फक्त आठ नमुन्यांत, आणि त्या आठांचं मूळ एकच : याच संस्थेतली आरएमआर-१०२९ नावाची बाटली.

ती बाटली सांभाळणारा शास्त्रज्ञ २००८मध्ये आरोप ठेवले जाण्याआधीच मरण पावला. एफबीआयने २०१०मध्ये त्यालाच एकटा गुन्हेगार ठरवून तपास बंद केला. २०११मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने बजावलं, की पूड कुठून आली हे केवळ विज्ञानाच्या पुराव्यावर ठामपणे सांगता येत नाही. शिवाय त्या बाटलीपर्यंत पोहोचू शकणारे इतरही होते, आणि झाकण कुणी उघडलं हे जनुकांत लिहिलेलं नसतं.

शेवटी वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड टपाल केंद्रात थांबा. ऑक्टोबर २००१. ती पत्रं यंत्रातून दाबली जाताहेत, कागदाच्या छिद्रांतून बीजाणू हवेत उडताहेत, आणि माणसं नेहमीसारखी पाळी करताहेत. या पत्रांच्या पाच बळींपैकी दोघं इथले. आज इमारतीच्या पाटीवर त्या दोघांची आडनावं आहेत : कर्सीन आणि मॉरिस.