पीयूसी मशीनची नळी गळकी असेल तर काय होतं?

पेट्रोल गाडीच्या पीयूसी चाचणीत सायलेन्सरमध्ये एक नळी घालतात. मशीनमधला पंप तिच्यातून धूर ओढतो आणि गॅस अॅनालायझर त्यातले वायू मोजतो. ही नळी कुठे चिरली असेल, तर धूर बाहेर जात नाही. उलट, बाहेरची हवा आत शिरते. त्यामुळे ना वास येतो, ना आवाज. फक्त आकडे चुकतात आणि गाडी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते.

आकडे कसे बदलतात?

समजा, धुरात कार्बन मोनॉक्साइड ०.४ टक्के आहे. बीएस-४ पेट्रोल कारसाठी मर्यादा ०.३ टक्के, म्हणजे गाडी नापास. पण नमुन्यात ३० टक्के हवा मिसळली, तर मशीन ०.२८ दाखवेल आणि गाडी पास होईल!

गळती ओळखायची कशी?

हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो. वरच्या उदाहरणात फक्त गळतीमुळे ऑक्सिजनचा आकडा ६ टक्क्यांच्या वर जाईल आणि कार्बन डायऑक्साइड १५ वरून साडेदहावर येईल. ऑक्सिजन जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी, ही जोडी दिसली की संशय घ्यावा. अर्थात, सायलेन्सरला भोक असेल किंवा नळी पुरेशी आत गेली नसेल, तरीही असंच होतं. त्यामुळे आधी ते तपासायचं.

नेमकी जागा कशी सापडते?

नळीचं टोक बंद करून पंप चालवतात. आत निर्वात दाब तयार होतो. पंप थांबवल्यावर तो टिकला, तर गळती नाही. टिकला नाही, तर मशीनपासून सुरुवात करायची. आधी मशीनचंच तोंड बंद करून चाचणी घ्यायची. मग फिल्टर, नळी आणि टोकाचा प्रोब एकेक करून जोडत जायचं. जो भाग जोडल्यावर चाचणी फसते, दोष तिथेच. बहुतेकदा फिल्टरच्या झाकणाची रबरी रिंग, सैल जोड किंवा नळीची चीर सापडते.

साबणाचं पाणी का नको?

घरच्या सिलिंडरला साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात, कारण तिथे गॅस बाहेर येतो. इथे पंप आत ओढतो. बुडबुडे येणार नाहीत, उलट पाणी मशीनमध्ये जाऊन ते बिघडू शकतं.

पुढच्या वेळी पीयूसी काढताना ‘लीक टेस्ट कधी केली होती?’ एवढं नक्की विचारा.